वाफेची बाजू

तानसेन, नेपाळ
३ ऑक्टोबर २०१०

प्रिय नरजित,

प्रथेप्रमाणे आधी कोडं, मग खुशाली. परदेशी गेलेल्या माणसांच्या फोटोंत पाऊस का पडत नाही?

तूही हे पाहिलं असशीलच. आपल्या गल्लीत घरटी एक माणूस बाहेर आहे आणि घरटी त्याचा एक फोटो भिंतीवर आहे. कतारमधला कुणाच्या तरी गाडीला टेकून उभा असतो, मलेशियातला कारंज्यापुढे. सगळीकडे लख्ख ऊन, सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे. मलेशियात बारमाही पाऊस कोसळतो हे मीच सातवीला शिकवते. फोटोत मात्र त्याचा एक थेंब नाही.

हा प्रश्न मी नववीच्या मुलांना दिला. प्रत्येकाने घरातले फोटो आणायचे आणि त्यांवरून त्या देशाचं हवामान लिहायचं. निष्कर्ष असा निघाला, की नेपाळ सोडून जगात कुठेच पाऊस पडत नाही. मागच्या बाकावरून एक आवाज आला, "मॅडम, म्हणूनच सगळे तिकडे जातात." वर्ग हसला, मीही हसले. मग फळ्यावर लिहिलं: जो नमुना गोळा करतो, त्याची इच्छा नमुन्यात उतरते. फोटो खोटा नसतो. पण तो कोणत्या दिवशी काढायचा, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. उत्तर एवढंच. ते किती ठिकाणी लागू पडतं हे पाहिलं, की मला अजूनही विद्यार्थिनीसारखा आनंद होतो.

आता खुशाली. फोन आला की आमा तो कानापासून सोडत नाही, शेवटी आई ती, आणि "जेवलास का" एवढं विचारून होईपर्यंत लाइन जाते. म्हणून ही पत्रं. विद्यापीठातलं तुझं हे पहिलं वर्ष. दिवस कसे जातात, ते सविस्तर लिही. आपली धाकटी कान्छी अकरावीत गेली आहे. ती म्हणते, "दाइला सांग, शेजारच्यांच्या पोरापेक्षा मोठा फोटो पाठव."

दिव्यांचा तिहार जवळ आला. भाइटीकेला तुझ्या कपाळावर टिळा लावता येणार नाही, म्हणून मखमलीची फुलं वाळवून पाठवते आहे. ती कोमेजत नाहीत. भावासाठी तीच का, याचं उत्तर त्यातच आहे.

तुझी दिदी,
देवकला


माएबाशी, जपान
१० नोव्हेंबर २०१०

पूज्य दिदी,

फुलं पोचली, खिडकीच्या खिळ्याला टांगली आहेत. तुझं कोडं मी लाक्पाला घातलं. हा माझा वर्गमित्र, सोलुखुम्बूचा. म्हणाला, "पावसात कॅमेरा बाहेर काढतो कोण? भिजला तर तुझी दिदी भरून देणार का?" म्हणजे उत्तर त्यालाही आलं.

सविस्तर लिही म्हणालीस, तर विद्यापीठाच्या उत्सवाबद्दलच लिहितो. नोव्हेंबरात दोन दिवस वर्ग बंद असतात आणि फाटकं सताड उघडी. कुणीही यावं: गावातल्या आजीबाई, बाबागाड्या, कुत्री. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक मंडळाचा एक तंबू. आम्हा नेपाळ्यांनाही एक मिळाला. सगळे म्हणाले मोमो करू. मी म्हटलं, मोमो सगळेच करतात, आपण आमाच्या हातचे उडदाचे बटुक करू. उडीद वाटता वाटता लाक्पाने मला इतक्या शिव्या दिल्या, की त्यांचंच वाटण झालं असेल.

इथले नियम ऐकशील तर तू या लोकांच्या प्रेमात पडशील. कच्चं काही विकायचं नाही, घरून करून आणलेलं काही विकायचं नाही. सगळं तिथेच, डोळ्यांदेखत तळायचं. आणि टेबलाच्या आतल्या बाजूला पाऊल टाकायचं, तर विद्यार्थी म्हणून नाव आधी दिलेलं पाहिजे, आरोग्य तपासणी झालेली पाहिजे आणि दंडाला पिवळी फीत पाहिजे. ओकुमुरा नावाची समितीची मुलगी दर तासाला तपासायला येते. आमचे प्राध्यापक कौतुकाने आत आले, तर तिने त्यांनाही वाकून नमस्कार करून बाहेर काढलं. "सेन्सेई, क्षमा करा, पण तुम्ही गिऱ्हाईक आहात."

मग तिने आमच्या बटुकात तापमापी खुपसली. "हा डोनट आहे का?"

"नाही."

"मग भोक कशाला?"

"आतून शिजावा म्हणून."

तिने हे गंभीरपणे टिपून घेतलं.

शेजारी बॅडमिंटनवाल्यांचा परतलेल्या शेवयांचा तंबू. त्यांचा इवासे ओरडत होता, "ए नेपाळ, तुमची रांग माझ्या दारात आली. माझं गिऱ्हाईक तुमचा वास खाऊनच परत जातंय." दुपारी तोच दोनदा बटुक घेऊन गेला. बटुक देताना प्रत्येकाला म्हणायचं, "गरम आहे, सांभाळा." दोन दिवस म्हणत राहिलो, झोपेतही म्हणालो, असं लाक्पा सांगतो.

शेवटी सगळ्या मंडळांनी कचरा वेगवेगळा करून पोचवला, मैदान होतं तसं केलं, आणि ओकुमुरा एकदम रडायला लागली. मग आम्हीही. का, ते विचारू नकोस. तुझ्या फळ्यावर मावणार नाही.

फोटो पाठवतो. दर वर्षी प्रत्येक तंबूचा शर्ट नवा असतो, यंदाचा आमचा लाल. छातीवर माछापुछ्रेचं शिखर आहे. इवासे म्हणतो, कांदा आहे.

तुझा भाइ,
नरजित


तानसेन
१९ डिसेंबर २०१०

प्रिय नरजित,

फोटो मोठा करून भिंतीवर लावला. आमा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, "हा आपला, टेबलामागचा. हा दुकानदार नाही, शिकतोय हो." कान्छीने तर त्याखाली उभं राहून केस विंचरायचा नेम केला आहे.

मी फोटो भिंगाखाली पाहिला. तुझ्यामागे वाफेचा पांढरा पडदा आहे. पण कढईच्या अगदी वर, बोटभर जागेत, काहीच दिसत नाही. का? कारण खरी वाफ अदृश्य असते. ती वर चढून थंड हवेला भेटली, की तिचे सूक्ष्म थेंब होतात आणि आपण त्या थेंबांना वाफ म्हणतो. म्हणजे त्या दिवशी तिथे चांगलीच थंडी होती आणि कढईपाशी उभा राहिलेला तू उबेत होतास. लाक्पाचा हात तुझ्या खांद्यावर आहे. दंडावर फीत आहे. मला आणखी काही नको.

दिदी


माएबाशी
२० नोव्हेंबर २०११

पूज्य दिदी,

पत्राला फार उशीर झाला. अभ्यास वाढला आहे. तुझी चार पत्रं आली, फुलंही आली.

उत्सव यंदाही छान झाला. यंदा मी हाका मारायच्या कामावर होतो. पुठ्ठ्याचा फलक घेऊन बाहेर फिरायचं आणि लोकांना तंबूकडे आणायचं. जुन्या विद्यार्थ्यांकडे हे काम देतात, कारण भाषा चांगली लागते. म्हणून फोटोत मी टेबलापुढे आहे. ऊन सुंदर होतं, गिंकोची झाडं पिवळीधमक झाली होती.

आमाला सांग, मी जेवतो.

नरजित


तानसेन
८ जानेवारी २०१२

प्रिय नरजित,

दुसरा फोटो पहिल्याशेजारी लावला. आता एक महत्त्वाचं.

कान्छीने तुझ्याच विद्यापीठात यायचं ठरवलं आहे. तिथे परदेशी मुलांसाठी वर्षभराचा भाषावर्ग असतो, तो करून पुढे पदवी. बारावी झाली की अर्ज आणि पुढच्या एप्रिलला प्रयाण. बुटवलच्या एजंटकडे ती चौकशी करून आली. मी म्हटलं, "तुला तिथलं काय माहीत आहे?" तिने भिंतीकडे बोट दाखवलं.

नरजित, तू तिथे आहेस, म्हणून निर्णय तुझ्यावर सोपवते. तू हो म्हटलंस, तर मी आमाची समजूत काढीन. तू नाही म्हटलंस, तर कान्छीची. फक्त कारणासहित लिही. कारणाशिवाय मला कुणालाच काही पटवता येत नाही.

दिदी


माएबाशी
१८ नोव्हेंबर २०१२

पूज्य दिदी,

कान्छीचा अर्ज गेल्याचं कळलं. मी आधी लिहायला हवं होतं. इथे सगळं छान आहे. थंडी असते, तेवढं तिला सांग. बाकी तुम्ही ठरवाल ते.

उत्सवाचा फोटो पाठवतो आहे. यंदाही हाकांचंच काम होतं.

नरजित


तानसेन
१६ डिसेंबर २०१२

प्रिय नरजित,

तिन्ही फोटो आज मी भिंतीवरून उतरवले आणि टेबलावर ओळीने मांडले. आमा देवळात गेली होती, कान्छी शिकवणीला. जे दिसलं, ते क्रमाने लिहिते. कुठे चुकत असेन, तर चूक दाखव. मला आनंदच होईल.

पहिल्या फोटोत तू टेबलाच्या आत आहेस. वाफ तुझ्यामागे आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोत वाफ तुझ्यापलीकडे आहे, मधे टेबल आहे. तुझ्याच पत्रानुसार आत पाऊल टाकायला नाव आधी द्यावं लागतं आणि ते विद्यार्थ्याचं असावं लागतं. हाका मारणाऱ्याला फीत लागत नसेल, हे मी तेव्हा मान्य केलं.

पण शर्ट दर वर्षी नवा असतो, असंही तूच लिहिलं होतंस. यंदा टेबलामागच्या मुलांचे शर्ट हिरवे आहेत. तुझा अजून लाल आहे आणि त्यावरचा कांदा विटला आहे. हाका मारणाऱ्याच्या हातात फलक असावा. तुझ्या हातात कागदी बशी आहे. पहिल्या फोटोत लाक्पाचा हात तुझ्या खांद्यावर होता. तिसऱ्यात एवढी गर्दी आहे, पण एकही माणूस तुझ्याकडे पाहत नाही.

आणि शेवटचं. तिन्ही फोटोंत पानं पिवळी आहेत. पानं वर्षातून एकदाच पिवळी होतात. तीन वर्षांत तू मला त्या विद्यापीठातला साधा मंगळवार एकदाही पाठवलेला नाहीस: हिरवी पानं नाहीत, वर्ग नाही, पाऊस नाही. पहिल्या पत्रातलं कोडं मी इतरांबद्दल घातलं होतं.

म्हणून एक चाचणी घेते. पुढचा पाऊस पडेल तेव्हा, जिथे असशील तिथे, समोर जे काही असेल त्याचा फोटो काढ. काही आवरू नकोस. कपडे बदलू नकोस. तो पाठव. शब्द नाही लिहिलेस तरी चालेल.

कान्छीचं तिकीट मार्चअखेरीचं आहे. तुझ्या उत्तरावर मी काय करायचं ते अवलंबून आहे.

दिदी


माएबाशी
२० जानेवारी २०१३

पूज्य दिदी,

फोटो सोबत आहे. पाऊस तीन आठवड्यांनी पडला. तोवर रोज वाटायचं, आज नको पडायला.

जी भिंत दिसते, ती समोरच्या इमारतीची. तिला खिडकी नाही. दोरीवरचे हातमोजे माझे. जुनी घरं पाडण्याच्या कामावर जातो, पावसात काम बंद असतं. कोपऱ्यात तुझी फुलं आहेत.

पहिला उत्सव झाला त्या हिवाळ्यात मी जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात लागलो होतो. रात्रपाळी. समोरून पट्ट्यावर भाताचे डबे येतात, प्रत्येकावर एक खारवलेला आवळ्याएवढा आलुबुखारा ठेवायचा. सकाळी वर्गात बसलो, की डोळे मिटायचे आणि तरी हात चालायचे. मग वर्गात जाणंच सुटलं. वसंतात माझं नाव पटावरून काढलं. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. एक पाकीट आलं. त्यानंतर व्हिसा संपला, पासपोर्टही संपला.

फाटकातून आत जायला कुणी अडवलं नसतं बहुधा. पण मला जाववत नव्हतं. वर्षातून दोन दिवस मात्र ते सगळ्यांना उघडं असतं: आजीबाईंना, कुत्र्यांना, आणि मलाही. म्हणून पानं पिवळी.

गेल्या उत्सवात मी रांगेत उभा राहिलो. लाक्पा विद्यापीठ बदलून ओसाकाला गेला आहे, आतली मुलं सगळी नवी. फीतवाल्या पोराने बटुक हातात दिला आणि जपानीत म्हणाला, "गरम आहे, सांभाळा." मी नेपाळी आहे, हेही त्याने ओळखलं नाही. बटुक आतून कच्चा होता. सांगावंसं वाटलं, भोक मोठं ठेव. मग एका आजीबाईंना फोटो काढायची विनंती केली. त्या म्हणाल्या, "हसा ना, तरुण आहात."

कान्छीला पाठवू नका. कारणासहित लिही म्हणाली होतीस; कारण मी आहे.

नरजित


तानसेन
१० फेब्रुवारी २०१३

प्रिय नरजित,

तुझं पत्र मी सगळ्यांपुढे वाचलं. भिंगाने कोपऱ्यातली फुलं पाहिली. गाठ माझ्याच हातची आहे. मला एकाही शब्दाबद्दल शंका नाही.

जे घडलं ते मात्र माझ्या हिशेबात नव्हतं. आमा रडली, पण म्हणाली, "भिंतीचा फोटो कुणी पाठवतं का? कुणीतरी त्याच्याकडून लिहून घेतलं असेल." कान्छी रडलीही नाही.

"दिदी, तीन फोटो खरे की एक भिंत खरी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "कान्छी, संख्येचा प्रश्न नाही. निवड कशी झाली..."

"शाळा नको. त्याला मी तिथे यायला नको आहे. त्याची कुणीतरी असेल तिथे, मी गेले तर उघडं पडेल."

"आणि ही फुलं?"

"फुलं कुठेही टांगता येतात."

तिने एजंटला फोन करून विचारलं. तो म्हणाला, नापास झालेलाच शाळेला शिव्या देतो. हे वाक्य आता ती रोज ऐकवते. मी तिला तिन्ही फोटोंतली टेबलाची बाजू दाखवली, शर्ट दाखवला, पानं दाखवली. ती एकेका गोष्टीला "असेल" म्हणाली. नववीची मुलं यापेक्षा सहज पटवता येतात, कारण त्यांचं काही पणाला लागलेलं नसतं.

ती सज्ञान झाली आहे. पासपोर्ट तिच्या उशाखाली असतो.

तुझे तीन फोटो आमाने पुन्हा भिंतीवर लावले. भिंतीचा फोटो माझ्या पुस्तकात आहे.

दिदी


माएबाशी
३ मार्च २०१३

पूज्य दिदी,

फोनवर कान्छी मला म्हणाली, "दाइ, तिथलं सगळं तुझ्या एकट्याचंच आहे का?" आणि ठेवून दिला.

पत्रावर तिचा विश्वास नाही, आवाजावर नाही, फोटोवर नाही. मग माणूसच आणून उभा करतो. उद्या इमिग्रेशनच्या ऑफिसात स्वतःहून हजर होणार आहे. स्वतःहून आलेल्याला ते परत पाठवतात, असं बरोबरचे सांगतात. पासपोर्ट नाही, म्हणून वकिलातीचा कागद लागेल. त्याला किती दिवस लागतील, कुणी सांगत नाही. मार्चअखेरीच्या आत पोचेन, असं धरून चाललो आहे.

तिला थांबव. मी दारात उभा राहिलो, की तिला हात तरी पाहावे लागतील.

नरजित


तानसेन
३१ मार्च २०१३

प्रिय नरजित,

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, म्हणून जुन्याच पत्त्यावर पाठवते.

आज कान्छी गेली. मी तिला एक आठवडा थांब म्हटलं. ती म्हणाली, वर्ग कुणासाठी थांबत नाही. आमाने दह्याचा टिळा लावला, शकुनाचं उकडलेलं अंडं हातावर ठेवलं. बस सुटेपर्यंत मी वळणाकडे पाहत होते, की खालून तू चढत येशील. धुळीत एक माणूस दिसला. तो दूधवाला होता.

दिदी

[पत्ता सापडत नसल्याचा शिक्का बसून हे पत्र जूनमध्ये तानसेनला परत आलं. नरजित त्याच्या आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोचला होता.]


माएबाशी
१२ नोव्हेंबर २०१३

प्रिय दिदी,

रागावलीस का? एप्रिलपासून लिहायला वेळच झाला नाही. अभ्यास केवढा असतो.

दाइ घरी पोचल्याचं आमाने फोनवर सांगितलं. तो उतरला असेल तेव्हा मी इथे त्याची खोली शोधत फिरत होते, त्याला सांग. घरमालकाने मला त्याच्या खिळ्यावरची फुलं दिली. मी ठेवली आहेत.

पण दिदी, हे सगळं इतकं काही वाईट नाही, जितकं तो सांगत होता. परवा विद्यापीठाचा उत्सव झाला. केवढी गर्दी! नेपाळी मुलांनी बटुक केले होते, गरम गरम. "गरम आहे, सांभाळा" म्हणत हातात देतात. यंदा मी हाका मारायच्या कामावर होते. बाहेर फिरायचं, लोकांना आणायचं. मज्जा. माझ्या मापाचा शर्ट उरला नव्हता, म्हणून फोटोत स्वेटरवर आहे. ऊन पाहिलंस का? आणि पानं?

फोटो भिंतीवर लावा. दाइच्या शेजारी.

तुझी,
कान्छी सिर्जना


तानसेन
२८ डिसेंबर २०१३

प्रिय कान्छी,

तुझा फोटो पोचला. आमाने तो चौथ्या खिळ्यावर लावला. शेजारणी येतात, चारही फोटो पाहतात, आणि ज्याचे पहिले तीन आहेत तो ओसरीवर बसलेला असतो, त्याच्याकडे कुणी वळून पाहत नाही. परवा एक बाई त्यालाच म्हणाली, "तुमचा भाऊ का हा? नशीब काढलं हो." तो म्हणाला, "हो, काढलं."

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. "गरम आहे, सांभाळा" या ओळीशी त्याने मला थांबवलं आणि पुन्हा वाच म्हणाला. मग फोटो मागितला. बराच वेळ पाहिला. "टेबलाच्या बाहेर आहे," एवढंच म्हणाला आणि उठून परसात गेला. तो अजून रोज हातमोजे धुऊन दोरीवर घालतो, कामावर जात नसला तरी.

मी तुला काही विचारणार नाही. विचारलं, तर तू चांगलं उत्तर देशील. तुम्ही दोघंही उत्तरं चांगली देता. वर्गात मुलांना मी सांगते, की उत्तरावर शंका आली, तर माणसाला उलटतपासू नये, प्रयोग करावा. हा प्रयोग इतका सोपा आहे, की ज्याचं कुणी दूर आहे किंवा जो स्वतः दूर आहे, त्या कुणालाही तो करता येईल. साधन लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

पाऊस पडेल त्या दिवशी, उत्सव नसताना, जिथे असशील तिथेच थांब. केस विंचरू नकोस. पसारा हलवू नकोस. उजेडाकडे वळू नकोस. समोर जे असेल त्याचा फोटो काढ आणि तो आपल्या माणसाला पाठवायला घे. निम्मं उत्तर फोटोत असेल. उरलेलं तुझ्या हातात: तो सहज पुढे झाला, तर सगळं ठीक आहे, मी चुकले, आणि मला त्याचा फार आनंद होईल. तो थबकला, तर ते उत्तर आमच्या आधी तुला मिळालेलं असेल. मग पाठवलास नाहीस, तरी चालेल. फक्त ये. दारात कुणी काही विचारणार नाही. ती माझी जबाबदारी.

इथे आज अवेळी पाऊस लागला आहे. प्रयोग आधी आम्ही केला, फोटो सोबत आहे. गळतीखाली बादली आहे. आमाचे डोळे सुजलेले आहेत. नरजित दाढी न केलेला, कढईपाशी बसला आहे आणि वाफ त्याच्यामागे आहे. त्याला हसा म्हणाले नाही.

दिदी